देवाजवळ पक्षपात नाही: एका युक्तिवादामागचा इतिहास

सगळी माणसे पापी आहेत आणि देव तोंड पाहून न्याय करत नाही, ही ख्रिस्ती शिकवण आज सर्वकाळच्या सिद्धान्तासारखी सांगितली जाते. तिची सर्वांत धारदार मांडणी मात्र एका शहरातल्या कुरबुरीच्या निमित्ताने झाली.

ख्रिस्ताचा प्रचारक प्रेषित पौल याने रोममधल्या ख्रिस्ती लोकांना ‘रोमकरांस पत्र’ (आज बायबलच्या नव्या करारात आहे ते) लिहिले ते इ.स. 57 च्या सुमारास, बहुधा करिंथ मुक्कामी. तर्तियसने ते उतरवून घेतले. पौलाने तोवर रोम पाहिलेही नव्हते, पण तिथली हालहवाल त्याला ठाऊक होती. सम्राट क्लौद्याने 49 च्या सुमारास यहुद्यांना रोमबाहेर काढले होते. अक्विला आणि प्रिस्किल्ला हे जोडपे त्याच वेळी करिंथला आले आणि पौल त्यांच्यासोबत तंबू करण्याचा धंदा करू लागला. 54 मध्ये क्लौद्य मेला, नीरो गादीवर आला आणि गेलेली माणसे परतू लागली. मधल्या काळात घरोघरी भरणाऱ्या ख्रिस्ती मंडळ्या यहुदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांच्या हाती गेल्या असाव्यात, असा बऱ्याच अभ्यासकांचा कयास आहे. काय खावे, कोणते दिवस पाळावेत यावरून एकमेकांना नावे ठेवणे चालले होते, हे पत्राच्या चौदाव्या अध्यायातून दिसतेच.

अशा श्रोत्यांपुढे हे पत्र मोठ्याने वाचले जाणार होते. सुरुवातीला पौल मूर्तिपूजक जगाचा पाढा वाचतो: मूर्ती, वासना, लोभ, हेवा, चहाडी, आईबापांची अवज्ञा. ऐकणाऱ्या धर्मनिष्ठाने मान डोलवावी असाच हा मजकूर आहे. ती डोलू लागते न लागते तोच पौल वळतो: दुसऱ्याला दोष लावणाऱ्या माणसा, तुलाही सबब नाही, कारण तूही तेच करतोस. नियमशास्त्र, म्हणजे मोशेद्वारे यहुद्यांना मिळालेले नियम, हाती असले म्हणून सुटका नाही, आणि ते नसलेल्यांच्याही अंतःकरणावर त्याचे काम लिहिलेले आहे. देवाजवळ पक्षपात नाही.

गंमत अशी की नेमक्या या वळणावर आज नवा अध्याय सुरू होतो. पौलाने अध्याय पाडलेच नव्हते. आजचे अध्याय तेराव्या शतकाच्या सुरुवातीचे, स्टीफन लँग्टन या इंग्रज धर्मपंडिताच्या नावावर सांगितले जातात. पहिला अध्याय संपला की पुस्तक मिटून इतरांवर बोट रोखणाऱ्यांची त्यामुळे चांगलीच सोय झाली. माझ्या मते तो अध्याय एकटा वाचणे म्हणजे फिर्याद ऐकून निकालाआधीच उठून जाणे.

ही रीत पौलाची स्वतःची नव्हे. त्याच्या सुमारे आठशे वर्षे आधी आमोस संदेष्ट्याने दिमिष्क, गज्जा, सोर, अदोम, अम्मोन, मवाब अशा शेजाऱ्यांचे अपराध एकेक करून मोजले, मग यहूदा, आणि शेवटी ज्यांच्यापुढे तो बोलत होता त्या इस्राएलावरच सर्वांत लांब आरोपपत्र ठेवले. देव कुणाची भीड धरत नाही, लाच घेत नाही, हे तर जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या दहाव्या अध्यायातच आहे. पौलाची सूची आणखी एका ग्रंथाशी जुळते: कॅथलिक बायबलमध्ये असलेला, प्रोटेस्टंट बायबलमध्ये नसलेला ‘शलमोनाचा ज्ञानग्रंथ’. त्यातही मूर्तिपूजेवर असाच हल्ला आहे, पण पुढे ‘आम्ही पाप केले तरी आम्ही तुझेच’ अशा अर्थाचा दिलासाही आहे. पौल नेमका तोच आधार काढून घेतो.

पुढे प्रश्नाचे रूप बदलले. पाचव्या शतकात पेलागियस आणि हिप्पोचा बिशप ऑगस्टीन यांचा वाद पेटला तो माणूस स्वतःच्या बळावर पापावाचून जगू शकतो का, यावर. 418 मध्ये कार्थेजच्या धर्मसभेने पेलागियसची मते धिक्कारली आणि पश्चिमेकडे आदामापासून आलेल्या जन्मजात पापाची शिकवण रुजली. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्यांनी वारशात मरण मानले, अपराध नव्हे. मार्टिन ल्यूथरने 1515-16 मध्ये विटेनबर्गला याच पत्रावर व्याख्याने दिली, तेव्हा केंद्रस्थानी एकट्या जिवाची तळमळ आली.

स्वीडिश ल्यूथरपंथी अभ्यासक क्रिस्टर स्टेंडाल यांनी 1960 च्या दशकात यावरच बोट ठेवले: पौलाला छळणारा प्रश्न यहुदी आणि इतर यांच्या नात्याचा होता, अपराधी मनाचा नव्हे. ते मला बरेचसे पटते. तरी एक गाठ उरतेच. दुसऱ्या अध्यायात देव ज्याला त्याला त्याच्या कृत्यांप्रमाणे फळ देतो, आणि तिसऱ्यात माणूस कर्मांवाचून, विश्वासाने नीतिमान ठरतो. दोन्ही वाक्ये एकाच माणसाची, एकाच पत्रातली; आणि त्यांचा मेळ कसा घालायचा यावर भाष्यकार आजही भांडतात.