मार्केट स्ट्रीटचा 1906 चा व्हिडिओ: मूळ रीळ आणि एआयवालं व्हर्जन

फॅमिली ग्रुपवर परवा परत तोच व्हिडिओ फिरत आला, ‘भूकंपाआधीचं सॅन फ्रान्सिस्को, ओरिजिनल कलरमध्ये’, आणि लगेच धडाधड अंगठे. ओरिजिनल कलर वगैरे काही नाहीये हो त्यात, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपण त्या एकच समजून बसलोय.

पहिली गोष्ट म्हणजे मूळ रीळ. माइल्स ब्रदर्स नावाच्या कंपनीने केबल कारच्या, म्हणजे जमिनीखालच्या केबलने ओढल्या जाणाऱ्या ट्रामच्या, तोंडाशी कॅमेरा ठेवला आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या मार्केट स्ट्रीटवरून फेरी बिल्डिंगपर्यंत, म्हणजे बोटींच्या धक्क्यावरच्या इमारतीपर्यंत, सरळ शूट करत गेले. साधारण तेरा मिनिटं. घोडागाड्या, सायकलवाले, गाड्यांच्या मधून बिनधास्त घुसणारी पोरं, ट्रॅफिकचा नियम म्हणून काही नाहीच (आपल्याला अगदी घरच्यासारखं वाटतं ते). गंमत म्हणजे त्यातल्या काही मोटारी परत परत दिसतात, कॅमेऱ्याला वळसा घालून पुन्हा पुढे येतात, म्हणजे रस्ता मोटारींनी भरलेला दिसावा म्हणून तेव्हाही थोडी सेटिंग केलेली होती!

दुसरी गोष्ट 2020 च्या आसपास यूट्यूबवर आली. त्यात सॉफ्टवेअरने ओरखडे पुसलेत, रंग भरलेत, फ्रेम (म्हणजे फिल्ममधली एकेक सुटी चित्रं) वाढवल्यात आणि वर टापांचा आवाज चिकटवलाय. तेव्हाचा कॅमेरा हाताने हँडल फिरवून चालायचा, सेकंदाला सुमारे 16 फ्रेम. आता त्याच्या 60 करायच्या म्हणजे चारातल्या जवळजवळ तीन फ्रेम मशीनने मनाने काढलेल्या. रंगाचं तर त्याहून अवघड, कारण त्या काळची फिल्म लाल रंगाला जवळजवळ आंधळी होती आणि निळा मात्र पटकन पकडायची, त्यामुळे लालभडक कापडही काळपट यायचं आणि निळं आभाळ पांढरंफटक, मग त्या करड्यावरून मूळ रंग कुठला हे कुणी कसं सांगणार? टोपी तपकिरी दिसते ती सॉफ्टवेअरला तसं वाटलं म्हणून.

आणि एक सांगतो, ‘वॉव, किती खरं वाटतंय’ यातला निम्मा वाटा निव्वळ स्पीडचा असतो. जुन्या फिल्म 24 फ्रेमने पळवल्या की माणसं तुरुतुरु धावतात, तेवढं नीट केलं की ती माणसासारखी चालायला लागतात, त्याला एआय लागत नाही.

फरक कुठे पडतो तर तारखेत. बरीच वर्षं सगळे ही फिल्म सप्टेंबर 1905 ची मानत होते. मग डेव्हिड कीन या अभ्यासकाने रस्त्यावरची पाण्याची डबकी बघितली, जुन्या पेपरांतल्या हवामानाशी ताडली, तर तेव्हा पाऊसच नव्हता! मग गाडीची नंबरप्लेट शोधली, ती निघाली 1906 च्या सुरुवातीला रजिस्टर झालेली. म्हणजे शूटिंग एप्रिल 1906 मधलं, 18 तारखेच्या भूकंपाच्या अगदी काही दिवस आधीचं. रीळ आदल्याच दिवशी न्यूयॉर्कला रवाना झालं होतं म्हणून वाचलं, कंपनीचा स्वतःचा स्टुडिओ भूकंपानंतरच्या आगीत गेला. आता विचार करा, डबकं आणि नंबरप्लेट, नेमक्या असल्याच बारीक गोष्टी सॉफ्टवेअर ‘साफ’ करायला जातं किंवा अंदाजाने नव्याने रंगवतं.

मला रंगीत व्हर्जन आवडत नाही असं नाही, लहान पोरांना दाखवायला भारी आहे, माझी भाची काळंपांढरं दोन मिनिटं बघत नाही आणि हे पूर्ण बघितलं. फक्त आवाज म्यूट करून लावा, टापा खोट्याच आहेत. 7 जुलै 1896 ला मुंबईत वॉटसन हॉटेलात लुमिएर बंधूंची हलती चित्रं दाखवली तेव्हाही लोकांनी बिनआवाजाचीच बघितली होती. मूळ रीळ बघायचं तर अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साइटवर फुकट आहे, ते लावलंत की रस्त्यावरची डबकी तेवढी शोधा.