झेड ८५३०मध्ये रजिस्टर ४ आधी का भरायचं?

पुण्यात इलेक्ट्रॉनिक्स शिकलेल्या अनेकांची सिरियल संवादाशी (एकामागून एक बिट पाठवण्याशी) पहिली गाठ पडते ती ८०८५ मायक्रोप्रोसेसरच्या किटवर, इंटेलच्या ८२५१ चिपशी. तिची कामाची पद्धत ठरवणाऱ्या मोड वर्डचे शेवटचे दोन बिट ०० ठेवले की ती सिंक्रोनस (दोन्ही टोकं एकाच तालावर) होते, एवढं व्हायवापुरतं पाठ असतं. प्रयोग मात्र असिंक्रोनसचाच होतो. मग भोसरीतल्या एखाद्या शेडमधून जुना कंट्रोल बोर्ड दुरुस्तीला येतो, त्यावर चाळीस पायांची झायलॉग कंपनीची झेड ८५३० ही सिरियल संवादाचीच चिप निघते आणि पंचाईत होते. एकेका चॅनेलला सोळाच्या आसपास राइट रजिस्टरं (चिपला सूचना लिहून ठेवायचे कप्पे), आणि मॅन्युअलचा आग्रह असा की रजिस्टर ४ सगळ्यांत आधी भरा. का, हे कळायला थोडं मागे जावं लागतं.

असिंक्रोनसमध्ये प्रत्येक अक्षर आपला स्टार्ट आणि स्टॉप बिट घेऊन येतं. आठ बिटांच्या मालासाठी दहा बिटांचं भाडं. महागड्या टेलिफोन लाइनवर हे परवडेना, म्हणून आयबीएमने १९६७मध्ये बायसिंक हा सिंक्रोनस प्रोटोकॉल (संवादाचे नियम) आणला. ब्लॉकच्या सुरुवातीला दोन ‘सिन’ अक्षरं पाठवायची. रिसीव्हर ती सापडेपर्यंत शोधत राहतो आणि सापडली की तिथून आठ-आठ बिट मोजू लागतो. ८५३०मधला हंट मोड म्हणजे हाच शोध. पण डेटातच एखादं कंट्रोल अक्षर (ब्लॉक संपला वगैरे सांगणारं) आलं तर? त्यावर, पुढचं अक्षर कसं वाचायचं ते सांगणाऱ्या ‘डीएलई’ अक्षराचं ठिगळ लावलं गेलं. शिवाय ब्लॉक पाठवला की उत्तराची वाट बघत बसायचं.

१९७४मध्ये आयबीएमची एसएनए ही नेटवर्कची रचना जाहीर झाली आणि तिच्यासोबतच्या एसडीएलसी प्रोटोकॉलने अक्षरांचा नादच सोडला. फ्रेमच्या (डेटाच्या एका पुडक्याच्या) दोन्ही टोकांना ०११११११० हा फ्लॅग (मधले १ सहा, बोट ठेवून मोजा), आणि आत सलग पाच १ आले की ट्रान्समीटर एक ० घुसडतो. म्हणजे आतल्या डेटात फ्लॅगचा भास होणंच शक्य नाही. आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचं एचडीएलसी यातूनच आलं आणि एक्स.२५ या डेटा नेटवर्कच्या मानकाचा लिंक थरही त्याच घराण्यातला. आपल्या दूरसंचार खात्याचं आयनेट हे डेटा नेटवर्क एक्स.२५वरच चालायचं.

फेडेरिको फॅजिन आणि राल्फ अंगरमन यांनी १९७४मध्ये झायलॉग काढली. आधी झेड८० प्रोसेसरच्या जोडीला एसआयओ ही सिरियल चिप आली, मग १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला ८५३०. गिऱ्हाईक कुठला प्रोटोकॉल वापरेल याचा नेम नव्हता, म्हणून एकाच चिपमध्ये सगळे कोंबले. त्याची किंमत रजिस्टर ६ आणि ७ मोजतात. मोनोसिंकमध्ये (एकाच सिंक अक्षराच्या पद्धतीत) ६मध्ये पाठवायचं सिंक अक्षर असतं, ७मध्ये ओळखायचं; बायसिंकमध्ये दोन्ही मिळून एक जोडी; एसडीएलसीत ६मध्ये स्टेशनचा पत्ता आणि ७मध्ये फ्लॅग. यांतलं काय लागू, ते रजिस्टर ४ ठरवतं, म्हणून ते आधी. रिसीव्हर आणि ट्रान्समीटर चालू करायचे ते मोड भरून झाल्यावरच.

क्लॉक, म्हणजे बिट कधी वाचायचा याचा ताल, हे दुसरं प्रकरण. लीज्ड (भाड्याने घेतलेल्या स्वतंत्र) लाइनच्या काळात तो मॉडेमच द्यायचा: २५ पिनी कनेक्टरवर १५ नंबरला पाठवण्याचा, १७ला घेण्याचा. वेगळी तार नसेल तर ८५३०मधला डिजिटल पीएलएल (ताल पकडणारं सर्किट) सिग्नलच्या चढउतारांतून तो शोधून काढतो. १९८४च्या मॅकिंटॉशमध्ये हीच चिप होती. पुढे तिच्यावर चाललेलं अ‍ॅपलचं लोकलटॉक नेटवर्क एसडीएलसी फ्रेम एफएम० कोडिंगमध्ये (प्रत्येक बिटाच्या सीमेवर सिग्नल पलटवणाऱ्या) सेकंदाला २,३०,४०० बिट या वेगाने पाठवायचं, क्लॉकच्या तारेशिवाय.

माझे दोन दिवस खाल्ले ते मात्र अंडररन लॅचने (पाठवायला बाइट उरला नाही, ही खूण धरून ठेवणाऱ्या बिटाने). ८५३०ला फ्रेम संपली असं सांगावं लागत नाही. पाठवायला बाइट उरला नाही की ती समजून घेते. पण पहिला बाइट टाकल्यावर हे लॅच रीसेट केलं नसेल, तर सीआरसी (चूक ओळखायचा तपासणीचा आकडा) न जोडताच ती फ्लॅग पाठवू लागते. पलीकडे फ्रेममागून फ्रेम सीआरसी एरर, आणि आपण केबल तपासत बसतो.

पुढच्या ८५२३०मध्ये लॅच रीसेट करायचं काम चिप स्वतः करू शकते. तापकीर गल्लीत ८५३०ऐवजी ती मिळाली तरी पिनला पिन बसते. फक्त रजिस्टर १५चा शून्यावा बिट १ करून ‘७ प्राइम’ हे जादा रजिस्टर उघडावं लागतं आणि तिथे ही सोय चालू करावी लागते. तोवर लॅच हातानेच रीसेट करायचं.