मालक नसलेला एक संघ आणि मालकांचे एकतीस

अमेरिकेतल्या ओहायो राज्याचा जून २०२५ चा अर्थसंकल्प मंजूर झाला, तेव्हा त्यात क्लीव्हलँड ब्राउन्स या अमेरिकन फुटबॉल संघाच्या नव्या स्टेडियमसाठी ६० कोटी डॉलरची तरतूद होती. हा पैसा कुठला? नागरिकांच्या विसरलेल्या खात्यांमधला, न वटवलेल्या धनादेशांचा, कुणीच हक्क न सांगितल्यामुळे राज्याकडे जमा झालेला. एखाद्या आजीबाईंनी पै-पै करून टाकलेली आणि मुलांना ठाऊकच नसलेली ठेव अब्जाधीश मालकाच्या छपराखाली जाणार! स्टेडियम तरी शहरात असावं, तर तेही नाही. ब्रुक पार्क या उपनगरात. प्रकरण लगोलग कोर्टात गेलं.

क्लीव्हलँडच्या माणसाला याचं आश्चर्य वाटलं नसेल. ६ नोव्हेंबर १९९५ रोजी ब्राउन्सचे तेव्हाचे मालक आर्ट मोडेल यांनी बाल्टिमोरमध्ये जाऊन संघ तिकडे हलवत असल्याचं जाहीर केलं. दुसऱ्याच दिवशी क्लीव्हलँडमध्ये मतदान होतं, जुन्या स्टेडियमच्या दुरुस्तीसाठी कर चालू ठेवायचा की नाही यावर. लोकांनी मोठ्या बहुमताने ‘ठेवायचा’ असा कौल दिला. संघ गेलाय हे कळल्यावर दिलेला कौल आहे हा. १७ डिसेंबरला सिनसिनाटीविरुद्ध घरचा शेवटचा सामना झाला, ब्राउन्सने तो २६-१० असा जिंकला. कुत्र्याचे मुखवटे घालून भुंकणाऱ्या प्रेक्षकांचा ‘डॉग पाउंड’ नावाचा कोपरा तिथे प्रसिद्ध होता. त्या लोकांनी त्या दिवशी बसायची बाकंच उखडली. सामना संपल्यावर खेळाडू त्या कोपऱ्याकडे गेले आणि कठड्यावरून चाहत्यांच्या गळ्यात पडले. मोडेल स्टेडियममध्ये नव्हते. (‘ब्राउन्स’ हे नाव मात्र क्लीव्हलँडकडेच राहिलं, आणि १९९९ मध्ये त्याच नावाचा नवा संघ तिथे उभा राहिला. आजचे ब्राउन्स ते हेच.)

मी ग्रीन बे पॅकर्सचा चाहता आहे, हे आधीच सांगून टाकतो. पुढचं सगळं त्या चष्म्यातून वाचावं. माझं म्हणणं साधं आहे. एनएफएल, म्हणजे या सगळ्या संघांची व्यावसायिक फुटबॉल लीग, गावाच्या निष्ठेवर जगते आणि त्याच निष्ठेला वेठीला धरून पैसा काढते. हे समजायला लीगच्या जन्मापासून सुरुवात करावी लागते.

१७ सप्टेंबर १९२० रोजी ओहायोतल्या कँटन गावात राल्फ हे या गृहस्थांच्या मोटारींच्या शोरूममध्ये बैठक भरली. खुर्च्या पुरल्या नाहीत म्हणून काही जण गाड्यांच्या पायऱ्यांवर टेकले. सभासद फी १०० डॉलर ठरली; ती कुणीच भरली नसावी, असं त्या बैठकीला हजर असलेले जॉर्ज हॅलस पुढे सांगत. तेव्हाचे संघ कसल्या गावांचे होते? कँटन, डिकेटर, रॉक आयलंड, हॅमंड, मन्सी. डिकेटरचा संघ तर स्टार्च बनवणाऱ्या स्टेली कंपनीचा. वर्षभरात स्टेली यांनी तो हॅलस यांच्या हवाली केला, वर ५,००० डॉलर दिले, आणि हॅलस संघ घेऊन शिकागोला गेले. आजचे शिकागो बेअर्स ते हेच. पोर्ट्समथचा संघ १९३४ मध्ये डेट्रॉइटला विकला गेला आणि ‘लायन्स’ झाला. छोट्या गावांचे बाकीचे संघ एकामागून एक बुडाले. राहिलं एकच गाव, विस्कॉन्सिनमधलं ग्रीन बे, आजची वस्ती जेमतेम एक लाखाच्या वर.

ते का राहिलं? १९१९ मध्ये कर्ली लॅम्बो यांनी मांस डबाबंद करणाऱ्या ज्या कंपनीत ते नोकरी करत तिच्याकडून जर्सीसाठी पैसे घेऊन संघ उभा केला, म्हणून नाव ‘पॅकर्स’. १९२२ मध्ये पावसाने धंदा बुडवला. पावसाचा विमा उतरवला होता, पण पाऊस विम्याच्या अटीपेक्षा किंचित कमी पडला, कंपनीने हात वर केले. मग गावातल्या वर्तमानपत्राचे अँड्र्यू टर्नबुल आणि काही मंडळींनी १९२३ मध्ये पाच डॉलरला एक असे हजार शेअर विकायला काढले. संस्था ना-नफा. कुणाला लाभांश नाही. संघ विकलाच कधी, तर पैसा मालकाच्या खिशात न जाता गावातल्या माजी सैनिकांच्या संघटनेला, स्मारकासाठी, अशी घटनेत तरतूद. (१९९७ मध्ये ती रक्कम धर्मादाय प्रतिष्ठानाकडे वळवली.) म्हणजे संघ विकून कुणाचं काही भलं होणार नाही, याची पक्की व्यवस्था. माझ्या मते अमेरिकी खेळांच्या इतिहासातलं हे सगळ्यात हुशार कलम आहे.

तरी संकटं संपली नाहीत. बाकावरून पडलेल्या एका प्रेक्षकाने खटला जिंकला, विमा कंपनी बुडाली आणि संघ कोर्टाच्या ताब्यात गेला. १९३५ मध्ये पुन्हा शेअरविक्री. १९५० मध्ये पुन्हा. १९५६ मध्ये नवं स्टेडियम हवं होतं, त्यावर सार्वमत झालं. त्या वेळी प्रचाराला कोण आलं? तेच हॅलस, बेअर्सचे मालक, पॅकर्सचे हाडवैरी. सभेत उभं राहून त्यांनी ग्रीन बेच्या लोकांना स्टेडियमच्या बाजूने मत द्या म्हणून सांगितलं. दोनास एक याहून मोठ्या फरकाने ठराव झाला आणि १९५७ मध्ये ९ लाख ६० हजार डॉलरमध्ये स्टेडियम उभं राहिलं. पहिला सामना अर्थातच बेअर्सविरुद्ध, आणि जिंकला पॅकर्सनी, २१-१७.

खरी तारणहार मात्र ना निष्ठा, ना शेअर. तारलं टीव्हीने. १९६० मध्ये पीट रोझेल नावाचा ३३ वर्षांचा तरुण लीगचा आयुक्त झाला. तोवर प्रत्येक संघ आपापले प्रक्षेपणाचे हक्क विकत असे. न्यूयॉर्कला मोठी रक्कम, ग्रीन बेला चिल्लर. रोझेलने सगळ्यांचे हक्क एकत्र विकून पैसे सारखे वाटायचं ठरवलं. न्यूयॉर्क जायंट्सच्या मारा कुटुंबाने स्वतःचं नुकसान करून त्याला होकार दिला. मक्तेदारीविरोधी कायदा आडवा आला, तेव्हा अमेरिकी संसदेकडून सवलतीचा कायदाच करून घेतला. सप्टेंबर १९६१ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडींनी त्यावर सही केली. सीबीएस या टीव्ही कंपनीने वर्षाला ४६.५ लाख डॉलर मोजले, ते १४ संघांत समान वाटले गेले. भांडवलशाहीची माळ जपणाऱ्या धनिकांच्या क्लबात असा साम्यवाद नांदतो, याची गंमत मला अजून वाटते. पण तो नसता, तर प्रशिक्षक लॉम्बार्डींचे पाच विजेतेपदांचे पॅकर्स झाले असते का, शंकाच आहे.

याच रोझेल यांचा पुढे कोर्टात पराभव झाला. १९६० मध्ये कार्डिनल्स शिकागोहून सेंट लुइसला गेले, त्यानंतर २२ वर्षं एनएफएलमधल्या एकाही संघाने एक महानगर सोडून दुसरं धरलं नव्हतं. मग रेडर्स संघाचे सर्वेसर्वा अल डेव्हिस यांना ओकलंडहून लॉस एंजेलिसला जायचं होतं. लीगने नकार दिला, डेव्हिस यांनी लीगवरच मक्तेदारीचा दावा लावला आणि मे १९८२ मध्ये तो जिंकला. दार उघडलं ते उघडलंच. दोन वर्षांत, २८ मार्च १९८४ च्या रात्री, बाल्टिमोर कोल्ट्सचं सगळं सामान ट्रकांत भरून इंडियानापोलिसकडे रवाना झालं. मेरीलँडचं विधिमंडळ संघ सरकारजमा करायचा कायदा करत होतं. तो व्हायच्या आत मालक रॉबर्ट अर्से यांना राज्याची हद्द ओलांडायची होती. संघाच्या बँडचे गणवेश त्या दिवशी लाँड्रीत होते, म्हणून ते तेवढे वाचले. त्या बँडने संघ नसताना बारा वर्षं वाजवणं चालू ठेवलं. माझ्या लेखी या खेळातले खरे शूर हेच.

१९९५ मध्ये रॅम्स आणि रेडर्स दोघेही लॉस एंजेलिस सोडून गेले, रॅम्स सेंट लुइसला आणि रेडर्स परत ओकलंडला, आणि पुढची दोन दशकं देशातलं दुसऱ्या क्रमांकाचं शहर संघाविना राहिलं. लीगला त्याचं दुःख होतं, असं समजू नका. रिकामं लॉस एंजेलिस हा मालकांचा बागुलबुवा होता: स्टेडियम बांधून द्या, नाहीतर चाललो. गावोगावच्या महापौरांनी मुकाट्याने पैसे काढले. २०१६ मध्ये रॅम्स परतले, २०१७ मध्ये सॅन दिएगोचे चार्जर्सही तिथे गेले. रॅम्सच्या जाण्यावरून सेंट लुइसने दावा लावला, तो लीगने २०२१ मध्ये ७९ कोटी डॉलर देऊन मिटवला. ओकलंडचे रेडर्स लास वेगासला गेले, तिथे हॉटेलांवरच्या करातून ७५ कोटी मिळाले म्हणून.

आता पॅकर्सचा शेअर म्हणजे काय, ते बघा. २०११ मध्ये तो २५० डॉलरला विकला, २०२१ मध्ये ३०० ला. भागधारक सुमारे ५ लाख ३८ हजार. लाभांश नाही, बाजारात विकता येत नाही, तिकीट मिळण्यात प्राधान्य नाही. सीझन तिकिटाच्या रांगेत लाखाहून जास्त नावं आहेत, त्यात मालकांनीही उभं राहायचं. आपल्याकडे साखर कारखान्याच्या सभासदाला निदान दिवाळीला सवलतीची साखर मिळते. इथे मिळतो तो भिंतीवर लावायचा कागद, आणि जुलैतल्या सभेला संघाच्या स्टेडियममध्ये, लॅम्बो फील्डमध्ये, बसायचा मान. गुंतवणूक म्हणून बघितलं तर शुद्ध वेडेपणा, देणगी म्हणून बघितलं तर ठीक.

पण उन्हाळ्यात सरावाच्या दिवसांत तिथे जे दिसतं, ते दुसरीकडे दिसत नाही. स्टेडियममधून निघून खेळाडू सरावाच्या मैदानावर गावातल्या पोरांच्या सायकलींवरून जातात. दीडशे किलोचा गडी, गुडघे हँडलला आपटतायत, आणि शेजारून त्याचं हेल्मेट छातीशी धरून सायकलीचा मालक धावतोय. लॉम्बार्डींच्या काळापासूनची ही प्रथा. हिवाळ्यात सामन्याआधी बर्फ पडला, की पहाटे फावडी मारायला शेकड्याने गावकरी रांग लावतात. तासावर मजुरी मिळते, बाकांमधला बर्फ घसरगुंड्यांवरून खाली ढकलतात.

तरी गोडवे गाताना एक गोष्ट लपवायची नाही. २००० साली पॅकर्सनीही ब्राउन काउंटीच्या, म्हणजे ग्रीन बे ज्या जिल्ह्यात आहे तिथल्या, मतदारांपुढे हात पसरला: स्टेडियम वाढवलं नाही तर संघ टिकणार नाही. अर्धा टक्का विक्रीकराचा ठराव ५३-४७ असा काठावर पास झाला. भाषा थेट धमकीची नव्हती, पण धाक तोच. फरक इतकाच, की वाढीव कमाई कुणा एकाच्या घरात गेली नाही, आणि २०१५ मध्ये तो कर बंदही झाला.

मग दुसरं ग्रीन बे का झालं नाही? क्लीव्हलँडच्या किंवा ओकलंडच्या लोकांनी वर्गणी काढून संघ का घेतला नाही? कारण लीगने ते नियमानेच बंद केलं आहे. संघाला एक मुख्य मालक हवा आणि त्याचा किमान ३० टक्के हिस्सा हवा. पॅकर्स जुने म्हणून तेवढे वगळले. ऑगस्ट २०२४ मध्ये खासगी गुंतवणूक कंपन्यांना १० टक्क्यांपर्यंत हिस्सा घ्यायची मुभा मिळाली. गावाला मात्र नाही.

आणि यात मालकांना खुपणारी एक गोष्ट आहे. पॅकर्सना भागधारकांपुढे दरवर्षी हिशेब मांडावा लागतो. बाकीच्या ३१ संघांच्या वह्या बंद. टीव्हीचा वाटा सगळ्यांना सारखा, त्यामुळे एकाचा आकडा कळला की सगळ्यांचा कळतो. २०२४ च्या अहवालात लीगकडून आलेला वाटा, मुख्यतः टीव्हीचाच, ४० कोटी डॉलरच्या वर होता, स्वतःच्या मैदानावरचं एकही तिकीट विकण्याआधीचा. स्टेडियमसाठी सरकारकडे हात पसरणाऱ्या मालकाची मिळकत किती, हे शोधायचं तर क्लीव्हलँडच्या पत्रकारालाही ग्रीन बेचाच ताळेबंद उघडावा लागतो.