टेन्शन की झोपेत अडकणारा श्वास?

कापसाचा भाव पडलेला, बँकेची नोटीस आलेली, आणि घरधनी दिवसभर मरगळलेला, चिडका, कशातच मन नाही. आमच्या यवतमाळ-वाशीमकडच्या खेड्यांत अशा माणसाबद्दल निदान ठरलेलं: "लय टेन्शन घेतलं त्यानं." पुष्कळदा ते खरंही असतं. पण स्लीप ॲप्नियातही, म्हणजे झोपेत श्वास अडकण्याच्या आजारातही, माणूस असाच दिसतो. बाजेवर पडल्याबरोबर घोरायला लागणाऱ्याची मात्र कोणी काळजी करत नाही. गडी गाढ झोपला, एवढंच.

नैराश्यात अंग थकलेलं असतं, पण झोप येत नाही. पहाटे तीन-चारलाच जाग येते, मग आढ्याकडे बघत हिशेब. (काहींना उलट फार झोप येते, म्हणून घोळ वाढतो.) ॲप्नियावाला बसल्या जागी पेंगतो: एसटीत, पारावर, आणि वाईट म्हणजे ट्रॅक्टरवरसुद्धा. रात्री त्याच्या घशाचे स्नायू सैल पडून वाट बंद होते, श्वास 10 सेकंद किंवा जास्त थांबतो, ऑक्सिजन उतरतो, मेंदू त्याला अर्धवट जागं करतो. तासाला 5 वेळांपासून आजार धरतात, 30 किंवा त्याहून जास्त म्हणजे तीव्र. सकाळी त्याला यातलं काही आठवत नाही. तोंड कोरडं, डोकं जड.

म्हणून विचारायचं बायकोला. "रातभर घोरते, मधीच गप होते, मंग असा दचकून श्वास घेते का माहाच जीव घाबरते." हे ऐकलं की डॉक्टरांनी झोपेची तपासणी करायला सांगावी. रुग्ण बाई असली तर पंचाईत. तिचं घोरणं घरात कोणी सांगत नाही. ती स्वतः थकवा आणि झोप न लागणं सांगते, आणि टेन्शनची गोळी घेऊन परतते.

दोन्ही आजार एकत्र असणंही काही विरळ नाही. नैराश्य तपासायच्या 9 प्रश्नांतच झोप आणि थकवा येतात, त्यामुळे नुसत्या ॲप्नियानेही गुण चढतात. झोपेच्या काही गोळ्या आणि दारू मात्र घसा आणखी सैल करतात. आणि रानडुकरांपायी जागलीवर बसणारा, रात्रीच्या विजेवर हरभऱ्याला पाणी देणारा तर या दोन्ही आजारांविनाच पेंगेल. त्याची आधी झोप मोजा.

ॲप्नियावर मास्कमधून हवेचा दाब देणारं सीपॅप यंत्र 1981 पासून माहीत आहे. 2016 साली हृदय किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आजार असलेल्या 2,717 जणांवरचा एक मोठा अभ्यास आला. यंत्राने हार्ट अटॅक वा लकवा टळला नाही, पण दिवसाची पेंग कमी झाली, मन आणि जगणं सुधारलं. माझ्या मते तेवढ्यासाठीही ते घ्यावं, फक्त रात्री वीज जाते त्या गावात बॅटरीची सोय आधी बघावी.

पण माणूस मरणाची भाषा बोलत असेल तर तपासणीच्या तारखेची वाट बघत बसू नका. त्याला एकटं सोडू नका, घरातलं कीटकनाशक हलवा आणि टेलिमानसला, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला, 14416 वर फोन लावा. तो फुकट आहे, रात्रीही उचलतात.