पनामा व्येहो की कास्को व्येहो? पनामा सिटीतली दोन ‘जुनी शहरं’

पनामा सिटीत जुनं शहर पाहायचं म्हटलं की दोन नावं पुढे येतात: पनामा व्येहो आणि कास्को व्येहो. दोन्ही समुद्राकाठी आहेत, दोन्हींची कहाणी १६७१ च्या एकाच हल्ल्याशी जोडलेली आहे आणि युनेस्कोच्या यादीतही दोन्हींची नोंद एकच आहे. मधलं अंतर मात्र साधारण आठ किलोमीटर. पनामा व्येहो म्हणजे ओसाड अवशेष, तर कास्को व्येहो म्हणजे घरं, चर्च, हॉटेलं आणि राष्ट्राध्यक्षांचं निवासस्थान असलेली नांदती वस्ती. कास्कोचं कागदोपत्री नाव कास्को आंतिग्वो, आणि मोहल्ल्याचं नाव सान फेलीपे. टॅक्सीवाल्याला नुसतं ‘व्येहो’ सांगितलं तर तो तुम्हाला दोहोंपैकी कुठेही नेईल. म्हणून एका ठिकाणासाठी ‘रुईनास दे पनामा व्येहो’ सांगा आणि दुसऱ्यासाठी ‘कास्को, प्लासा कातेद्राल’. पहिल्यातला ‘रुईनास’ म्हणजे अवशेष, दुसऱ्यातली ‘प्लासा’ म्हणजे चौक, इथे कॅथेड्रलसमोरचा.

आधी वसलं ते पनामा व्येहो. पेद्रारियास दाविला या स्पॅनिश गव्हर्नरने १५ ऑगस्ट १५१९ रोजी ते स्थापन केलं. अमेरिका खंडांच्या प्रशांत किनाऱ्यावरची ही युरोपियनांची पहिली कायमची वसाहत. पेरूची चांदी इथे उतरायची, खेचरांच्या पाठीवरून पनामाची चिंचोळी भूमी ओलांडायची आणि कॅरिबियन किनाऱ्यावरून स्पेनला जायची. एवढं श्रीमंत शहर, पण जागा वाईट. समोरचा समुद्र उथळ. प्रशांत महासागराच्या या बाजूला भरती-ओहोटीतला फरक पाच मीटरच्या वर जातो, त्यामुळे ओहोटीला किनाऱ्यापुढे नुसता चिखल उरतो. मोठी जहाजं दूर बेटांच्या आडोशाला नांगर टाकत. जमिनीच्या बाजूने तटबंदी नव्हती. जानेवारी १६७१ मध्ये समुद्री लुटारू हेन्री मॉर्गन चालून आला तो याच उघड्या बाजूने, जंगलातून पायी. शहर जळालं, पण आगीचं सगळं खापर मॉर्गनवर फोडणं बरोबर नाही. शहर त्याच्या हाती पडू नये म्हणून दारूगोळ्याचे साठे उडवण्याचा हुकूम खुद्द स्पॅनिश गव्हर्नरने दिला होता.

त्यानंतर १६७३ मध्ये आंकोन टेकडीच्या पायथ्याशी, समुद्रात घुसलेल्या खडकाळ भूशिरावर नवं शहर वसवलं आणि त्याला तट घातले. तेच आजचं कास्को. म्हणजे ज्याला आपण जुनं शहर म्हणून फिरतो ते मुळात दुसरं शहर आहे. पहिल्या शहराचे दगड उचलून इथल्या बांधकामात वापरले गेले. ला मेर्सेद चर्चचा दर्शनी भाग तर एकेक दगड आणून इथे पुन्हा उभा केलेला आहे. दोन्ही ठिकाणांना जोडणारा याहून बोलका पुरावा नाही, आणि बहुतेक पर्यटक त्याच्यासमोरून न थांबता पुढे जातात.

खरा घोळ पुढे होतो. कास्कोतही पडक्या भिंती आहेत. सांतो दोमिंगोच्या मठाचे अवशेष आणि त्यातली ‘आर्को चातो’ ही जवळजवळ सपाट कमान, तसंच जेझुइटांच्या मठाचे अवशेष. ते पाहून ‘मॉर्गनने जाळलेलं शहर पाहिलं’ असं समजणारे खूप. पण या इमारती नव्या शहरातल्या, नंतरच्या शतकातल्या आगींनी खाल्लेल्या. मॉर्गनशी त्यांचा संबंध नाही. आर्को चातो २००३ मध्ये कोसळली, आज दिसते ती पुन्हा बांधलेली. सान होसे चर्चमधल्या सोनेरी वेदीबद्दलही तसंच: मॉर्गनपासून वाचवायला ती काळी रंगवली होती ही कथा गाइड रंगवून सांगतात, पण ती आख्यायिका म्हणूनच ऐकावी.

पनामा व्येहोला तिकीट लागतं आणि सोमवारी ते बंद असतं. सगळ्यात जास्त फजिती या सोमवारानेच होते. अवशेष समुद्राला समांतर लांबच लांब पसरलेत: कॅथेड्रलचा मनोरा पूर्वेच्या टोकाला, पश्चिमेची टोकं त्यापासून किलोमीटरभर लांब. एका फाटकाशी उतरून दोन भिंती पाहिल्या आणि मनोरा न पाहताच परत फिरलं, असं होऊ देऊ नका. मनोऱ्यात आता आधुनिक जिना आहे. वरून एका बाजूला अवशेष आणि त्यामागे काचेच्या गगनचुंबी इमारती दिसतात. आवारातलं संग्रहालय मनोऱ्याआधी पाहा. शहराचा नकाशा आणि प्रतिकृती डोक्यात असली की कुठली भिंत मठाची आणि कुठली इस्पितळाची ते कळतं, नाहीतर सगळे दगड सारखेच वाटतात. सावली जवळजवळ नाही. टोपी, माणशी लिटरभर पाणी आणि चांगले बूट घ्या. दोन ते अडीच तास पुरतात.

कास्कोत फिरायला तिकीट नाही, फक्त संग्रहालयांना आहे. प्लासा कातेद्रालपासून सुरुवात करा. चर्चच्या मनोऱ्यांवर शिंपल्यांचे चमकते तुकडे बसवलेत, ते उन्हात नीट दिसतात. शेजारच्याच कालव्याच्या संग्रहालयात फ्रेंचांचा फसलेला प्रयत्न आणि अमेरिकेने १९१४ मध्ये खुला केलेला कालवा, दोन्ही समजतात. तिथून दक्षिण टोकाच्या प्लासा दे फ्रांसियापर्यंत चालत जा. वरच्या तटावर गुना या आदिवासी समाजाच्या बायका ‘मोला’ विकतात. हे एकावर एक कापडं ठेवून, कापून, हाताने शिवलेलं काम आहे. टाके बारीक आणि थर जास्त, तितकी किंमत जास्त. त्यात घासाघीस ताणू नये.

राष्ट्राध्यक्षांच्या वाड्याच्या रस्त्यावर पहारेकरी पिशवी तपासतात, कधी वाटच बंद असते. कास्कोची हद्द संपताच लगेच एल चोरियो हा धोक्याचा मानला जाणारा मोहल्ला लागतो. तिकडे रमतगमत जाऊ नये, आणि अंधार पडल्यावर शेजारच्या सांता आना मोहल्ल्याच्या बाजूनेही चालत बाहेर पडू नये. गाडी बोलवा. शुक्रवार-शनिवारी रात्री अरुंद गल्ल्यांत गाड्या अडकतात, तेव्हा सिंता कोस्तेरा या किनाऱ्यालगतच्या रस्त्यावर उतरून आत चालत जाणं लवकर होतं.

एका दिवसात दोन्ही करायचं तर सकाळी फाटक उघडताच पनामा व्येहो, दुपारनंतर कास्को. मे ते नोव्हेंबर पाऊस बहुधा दुपारी कोसळतो. अवशेषांत तेव्हा आडोसा सापडत नाही, कास्कोत चर्च आणि संग्रहालयं आहेत. शिवाय आधी पहिलं शहर पाहिलं की दुसऱ्याला तट का घातले ते सांगावं लागत नाही. वेळ एकाचाच असेल आणि संध्याकाळ असेल, तर कास्को. विमानतळावरच्या थांब्यात सकाळचे काही तास मिळाले तर पनामा व्येहो बरं, कारण ते तोकुमेन विमानतळ आणि शहर यांच्या वाटेवरच आहे. कोरेदोर सूर हा टोलरस्ता अवशेषांसमोरच समुद्रावरून जातो. शहराकडे जाताना मनोरा उजवीकडे दिसेल.

टॅक्सीला मीटर नाही, भाडं बसण्याआधी ठरवा किंवा अ‍ॅपवरून गाडी बोलवा. मेट्रोने कास्कोला जायचं तर जवळचं स्टेशन ‘५ दे मायो’, तिथून पायी पंधरा-वीस मिनिटं, दिवसाउजेडी. नोटा अमेरिकन डॉलरच्याच चालतात, नाणी बाल्बोआ या पनामाच्या चलनाचीही मिळतात आणि भाव एकास एक. ५० आणि १०० च्या नोटा छोटे दुकानदार घेत नाहीत. शाकाहारी मंडळींनी ‘पाताकोनेस’ मागवताना, म्हणजे कच्च्या केळ्याचे दाबून तळलेले काप, ते मासळी तळलेल्याच तेलात तळतात का ते विचारावं.

भारतात परतणाऱ्यांसाठी एक गोष्ट या सगळ्याहून महत्त्वाची. पीतज्वराचा धोका असलेल्या देशांच्या भारताच्या यादीत पनामा आहे. लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घेऊन तिचं पिवळं प्रमाणपत्र पासपोर्टबरोबर ठेवा. ते नसेल तर भारतात उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात, मग पनामा सिटीत तुम्ही एकच दिवस काढलेला का असेना.