सांताक्रूझची प्रत कुलाब्याला

२६ जुलै २००५ चा पाऊस सांताक्रूझच्या वेधशाळेनं चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर नोंदवला. त्याच चोवीस तासांत कुलाब्याला पडला सुमारे ७३ मिलिमीटर. शहर एकच, मधे वीस-पंचवीस किलोमीटर. एकीकडे तळमजले बुडाले, दुसरीकडे पावसाळ्यातला नेहमीसारखा दिवस. घरच्या कॉम्प्युटरचा बॅकअप कुठे ठेवू, असं कुणी विचारलं की मी आधी हे दोन आकडे सांगते.

बहुतेक घरांत बॅकअपची हार्ड डिस्क कॉम्प्युटरच्याच टेबलाच्या खणात असते, नाहीतर वायर लावून शेजारीच ठेवलेली. नुसती मूळ डिस्क बंद पडली, तर ही सोय उत्तम. पण पाणी, आग आणि चोर अस्सल आणि नक्कल असा भेद करत नाहीत. व्हायरसही करत नाही. मे २०१७ मध्ये जगभर पसरलेलं वॉनाक्राय हे खंडणीखोर सॉफ्टवेअर कॉम्प्युटरला जोडलेल्या डिस्कवरच्या फायलीही कुलूपबंद करायचं आणि विंडोजनं स्वतःहून राखलेल्या जुन्या प्रती पुसून टाकायचं. म्हणून जागा निवडताना मी एकच प्रश्न विचारते: कुठल्या एका घटनेत दोन्ही प्रती जातील?

‘मग कपाटाच्या लॉकरमध्ये ठेवू,’ असं पुष्कळ जण म्हणतात. चोरापासून थोडं संरक्षण मिळेल, आगीपासून नाही. साधं लोखंडी कपाट आगीत भट्टीसारखं तापतं. खास अग्निरोधक तिजोरी घेतली तरी ती कशासाठी बनवली आहे ते पाहावं लागतं. यूएल ७२ या अमेरिकी मानकानुसार कागदपत्रांच्या तिजोरीत आतलं तापमान १७७ अंश सेल्सिअसच्या खाली राहिलं की पुरे, कारण कागद तेवढं सोसतो. डिस्क सोसत नाही. डिस्कसारख्या वस्तूंच्या तिजोरीसाठी हीच मर्यादा ५२ अंशांची आहे. शिवाय कागदांच्या तिजोरीच्या भिंतींत बहुधा पाणी धरून ठेवणारा थर असतो. आगीत त्या पाण्याची वाफ होते आणि उष्णता शोषली जाते. त्यातली काही वाफ आतही शिरते. दस्तऐवज थोडे दमट होऊन वाचतात, डिस्कचे मात्र हाल होतात.

पेनड्राइव्ह आणि एसएसडी (फिरती तबकडी नसलेली, चिपवर साठवणारी डिस्क) यांची गोष्ट वेगळी. त्यांत माहिती विद्युतभाराच्या रूपात अडकवलेली असते आणि हा भार हळूहळू गळतो, उकाड्यात जास्त वेगानं. त्यामुळे पत्र्याखालच्या माळ्यावर वर्षानुवर्षं टाकून ठेवायला ही साधनं नकोतच.

क्लाउड, म्हणजे इंटरनेटवरून वापरायची कंपनीची साठवण, दूर असतो, हा त्याचा मोठा गुण. पण ५०० जीबी माहिती २० एमबीपीएस वेगानं चढवायला साधारण ५५ तास लागतात, तेव्हा सुरुवातीला धीर हवा. आणि सिंक, म्हणजे दोन्हीकडच्या फायली आपोआप सारख्या ठेवणं, हा बॅकअप नव्हे: इथं फाइल खोडली की तिथलीही जाते. कचरापेटीत ती काही दिवस असते, तेवढीच मुदत. दूरची जागाही जळू शकते. १० मार्च २०२१ ला स्ट्रासबर्गमध्ये ओव्हीएच कंपनीचं डेटा सेंटर जळालं, आणि ज्यांचा बॅकअपही त्याच आवारात होता त्यांतल्या काहींचं सगळंच गेलं.

छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ चा नियम सांगतो: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर. माझ्या मते त्यातला शेवटचा ‘एक’ सगळ्यात मोलाचा, आणि नेमका तोच राहून जातो.

माझी घराबाहेरची प्रत नाशिकला ताईकडे असते. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, त्यात बुटांच्या खोक्यातून निघालेली सिलिका जेलची पुडी, डिस्कवर चिकटपट्टी आणि तिच्यावर मार्करनं लिहिलेली तारीख. डिस्कला पासवर्ड आहे, कारण डबा वाटेत कुठेही राहू शकतो. तो पासवर्ड कॉम्प्युटरमध्ये नाही, कागदावर लिहून पासबुकाच्या पाकिटात ठेवला आहे. दिवाळीला आणि मेच्या सुट्टीत डिस्कांची अदलाबदल होते.

परत आलेल्या डिस्कवर नवीन काही भरण्याआधी मी तीन-चार जुन्या फायली उघडून पाहते. त्यांत एक ठरलेली: आई गोडा मसाल्याचं प्रमाण सांगते आहे, मागे कुकरची शिट्टी होते, आणि दगडफूल किती घ्यायचं ते ती दोनदा सांगते. तेवढं नीट ऐकू आलं की मग नवी प्रत घ्यायला बसते.