संक्रांत पुढे का सरकते?

पानिपतची लढाई 14 जानेवारी 1761 ची, म्हणजे ती ऐन संक्रांतीला झाली, असं पुष्कळांना वाटतं. प्रत्यक्षात त्या वर्षी मकर संक्रांत 10 जानेवारीच्या सुमारास होऊन गेली होती. पुढे 1863 साली ती 12 जानेवारीला आली; स्वामी विवेकानंदांचा जन्म त्याच दिवशीचा.

या सणाची मुळं दोन. एक शेतातलं: तीळ-बाजरी घरात आलेली, ऊस, हरभरा, गव्हाच्या ओंब्या सुगडात भरण्याजोग्या झालेल्या. दुसरं आकाशातलं, उत्तरायणाचं. सुमारे 1,700 वर्षांपूर्वी सूर्याचा मकर राशीतला प्रवेश आणि उत्तरायणाचा आरंभ एकाच सुमारास होत असे. आज उत्तरायण 21-22 डिसेंबरलाच सुरू होतं, संक्रांत तीन आठवडे मागून येते.

याचं कारण पृथ्वीच्या पोटाचा घेर. तिची विषुववृत्तीय त्रिज्या ध्रुवीय त्रिज्येपेक्षा सुमारे 21 किलोमीटरने जास्त आहे. अक्ष 23.4 अंश कललेला असल्याने चंद्र-सूर्याचं गुरुत्वाकर्षण हा फुगवटा ओढून अक्ष सरळ करू पाहतं. त्यातला दोन-तृतीयांश वाटा चंद्राचा. पृथ्वी फिरत नसती तर ती सरळ होऊ लागली असती. फिरती असल्यामुळे तिचा अक्ष कलत्या भोवऱ्यासारखा ओढीच्या काटकोनात सरकतो आणि सुमारे 25,800 वर्षांत अवकाशात एक शंकू पुरा करतो. हेच परांचन. अक्षाबरोबर अयनबिंदूही, म्हणजे उत्तरायण सुरू होताना सूर्य जिथे असतो ती जागा, ताऱ्यांमधून दरवर्षी सुमारे 50.3 विकला (एक विकला म्हणजे अंशाचा 3,600 वा भाग) मागे सरकतो. त्यामुळे सूर्य त्याच अयनबिंदूशी परततो त्यानंतर सुमारे 20 मिनिटांनी त्याच ताऱ्याशी पोहोचतो. ऋतू पहिल्या फेरीने, म्हणजे सांपातिक वर्षाने चालतात, इंग्रजी कॅलेंडरही त्यालाच धरून. आपली संक्रांत दुसऱ्या, ताऱ्यांवरून मोजलेल्या नाक्षत्र वर्षाने. साठत गेलेली ही 20 मिनिटं सुमारे 72 वर्षांत एक दिवस होतात.

14 की 15, हा दरवर्षीचा घोळ वेगळा. संक्रमणाची, म्हणजे सूर्य मकर राशीत शिरण्याची, वेळ दरवर्षी 6 तास 9 मिनिटांनी पुढे जाते आणि लीप वर्षाचा जादा दिवस तिला 24 तास मागे खेचतो. 2025 साली ते सकाळी 9 च्या सुमारास झालं, 2026 साली दुपारी 3 च्या. सूर्यास्तानंतर झालं तर सण दुसऱ्या दिवशी.

‘यंदा संक्रांत अमुक रंगावर आली, तो रंग नेसू नका’ असे निरोप मात्र पुढे पाठवू नयेत. सूर्याच्या एका राशीतून दुसरीत जाण्याने कुणाच्या साडीला धोका नाही.

2100 हे लीप वर्ष नाही, त्यामुळे 2101 पासून संक्रमण 15 आणि 16 जानेवारीला होईल.